पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं: काळ्या पडद्यावरचा उलट मोजणारा टायमर कसा लिहायचा

शाळेचं सभागृह, समोर तीन परीक्षक आणि बाजूच्या टेबलावर घंटा घेऊन बसलेले एक सर. वक्तृत्व स्पर्धेची ही मांडणी बेळगाव, खानापूर, निपाणीत जशी असते, तशीच ती पणजी, इंदूर, बडोदा नि हैदराबादच्या मराठी मंडळांतही असते. नियम साधा: बोलायला पाच मिनिटं. चौथं मिनिट संपलं की एक घंटा, पाचवं संपलं की दोन. त्यापुढे बोललं तर गुण कापले जातात. आणि निकाल लागला की कुणीतरी पालक पुढे येतात आणि म्हणतात, "आमच्या पोरीची घंटा लवकर वाजवली हो सर, तिच्या आधीच्या मुलाला जास्त वेळ मिळाला."

हे म्हणणं खरं की खोटं, ते ठरवायला कुणाकडे काही नसतं. सर मनगटावरच्या घड्याळात बघत असतात, मध्येच कुणी चहाचं विचारतं, पाहुण्यांसाठी उठावं लागतं. मोबाईलमध्ये टायमर असतो, पण ऐन भाषणात फोन येतो किंवा पडदा बंद होतो. सगळ्यांना दिसेल असं घड्याळ भिंतीवर हवं.

यावरचा उपाय शाळेच्या संगणक कक्षातच पडून असतो. दहा वर्षांचा जुना संगणक, त्याला जोडलेला प्रोजेक्टर आणि पायथॉन ही मोफत मिळणारी प्रोग्रामिंगची भाषा. इंटरनेट लागत नाही, चित्रं-बटणं लागत नाहीत. काळ्या पडद्यावर नुसते आकडे उलटे मोजत जाणारा टायमर आठवी-नववीची मुलं एका दुपारी लिहू शकतात. मात्र तो वाटतो तितका सरळ नाही. पहिल्या झटक्यात लिहिलेला टायमर बहुतेक वेळा हळू चालतो, आणि तो हळू चालतोय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पायथॉनमधले हुकूम रोमन अक्षरांतच टाइप करावे लागतात. इथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत; पायथॉनचं कुठलंही प्राथमिक पुस्तक जवळ असेल तर ते ओळखायला अडचण येणार नाही. आपण स्वतः ठेवायची नावं मात्र देवनागरीत चालतात. 'बाकी', 'शेवट', 'मिनिटं' अशी नावं पायथॉन ३ मुकाट्याने स्वीकारतो.

सगळ्यांना आधी सुचतो तो प्रोग्राम

कुणालाही टायमर लिहायला सांगितला तर तो साधारण असा विचार करतो:

१. 'बाकी' नावाच्या डब्यात ३०० ठेवायचे, म्हणजे पाच मिनिटांचे सेकंद.
२. 'बाकी' शून्याहून मोठी आहे तोवर पुढच्या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा करायच्या.
३. 'प्रिंट' करून बाकी पडद्यावर दाखवायची.
४. 'टाइम डॉट स्लीप' वापरून एक सेकंद थांबायचं.
५. 'बाकी'तून एक वजा करायचा.
६. फेरा संपला की 'वेळ संपली' असं छापायचं.

सहा ओळी, काम झालं. चालवून बघितलं तर आकडे खाली येतात, शेवटी 'वेळ संपली' दिसतं. वर्गात टाळ्या पडतात. पण शेजारी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून बघितलं तर पाच मिनिटांचा टायमर पाच मिनिटांत संपत नाही, थोडा पुढे जातो.

सेकंद कुठे गळतात?

दोष चौथ्या पायरीत आहे. 'एक सेकंद थांब' याचा संगणकाच्या लेखी अर्थ 'निदान एक सेकंद थांब' असा होतो. सेकंद संपल्यावर प्रोग्रामला उठवायचं काम विंडोज किंवा लिनक्स करतं, आणि त्याच वेळी त्याच्याकडे दुसरी पन्नास कामं असतात. अँटिव्हायरस चाललेला असतो, अपडेट उतरत असतो. त्यामुळे उठवायला थोडा उशीर होतो. विंडोजच्या घड्याळाचा नेहमीचा ठोका साधारण १५.६ मिलिसेकंदांचा असतो, आणि पायथॉनच्या ३.११ आधीच्या आवृत्त्यांत 'स्लीप'ला त्या ठोक्याची वाट बघावी लागायची. जुन्या संगणकावर जुनाच पायथॉन असण्याची शक्यता जास्त.

त्यात भर म्हणजे तिसऱ्या आणि पाचव्या पायरीलाही वेळ लागतो. पडद्यावर अक्षरं उमटवायला काही क्षण जातात, आणि ते एका सेकंदाच्या हिशोबात धरलेलेच नाहीत.

समजा, प्रत्येक फेऱ्याला एका सेकंदाऐवजी १.०१ सेकंद लागतो. एका फेऱ्यात हा फरक कुणाला कळणार नाही. पण फेरे आहेत ३००. शेवटी टायमर ३ सेकंद मागे पडतो. एकांकिका स्पर्धेसाठी ४५ मिनिटांचा टायमर लावला तर फेरे होतात २७०० आणि चूक २७ सेकंदांची. शिवाय ही चूक दर वेळी सारखी नसते. संगणक मोकळा असताना कमी, कामात असताना जास्त. म्हणजे पहिल्या स्पर्धकाला एक माप आणि दहाव्याला दुसरं. पालकांची तक्रार आता यंत्रानेच खरी केली.

घटिकापात्राला हे ठाऊक होतं

उलट मोजणी आपल्याकडे नवी नाही. लग्नाच्या मुहूर्तासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडायचे. वाटी भरून बुडाली की एक घटिका झाली. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं, अहोरात्रीच्या ६० घटिका. एका घटिकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं.

आता विचार करा. वाटी बुडाली, ती उचलून रिकामी केली, पुन्हा पाण्यावर ठेवली. या उचल-ठेवीत समजा १० सेकंद गेले. एका घटिकेला १० सेकंद काहीच नाहीत. पण दिवसभर एकामागून एक ६० वाट्या मोजल्या तर ६०० सेकंद होतात. चक्क १० मिनिटं हरवली. पहिल्या प्रोग्राममध्ये नेमकं हेच चाललंय: वाटी बुडते, उचलतो, ठेवतो, आणि मधला वेळ कुणीच मोजत नाही.

जुन्या पद्धतीत यावर एक आधार होता. घटिका सूर्योदयापासून मोजायच्या. रोज सकाळी सूर्य उगवला की हिशोब पहिल्यापासून सुरू, कालची चूक आज पुढे येत नसे. स्वतःच्या मोजण्यावर सगळा भरवसा न टाकता बाहेरच्या एका पक्क्या खुणेकडे बघायचं, हे तत्त्व प्रोग्राम दुरुस्त करताना उपयोगी पडतं.

साचत जाणारी चूक किती महाग पडू शकते

शाळेच्या स्पर्धेत तीन सेकंदांनी फार तर एक गुण जातो. पण साचत गेलेल्या बारीक चुकीने माणसं मेल्याचीही नोंद आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरान इथे अमेरिकी सैन्याच्या बराकीवर इराकचं स्कड क्षेपणास्त्र कोसळलं आणि २८ सैनिक ठार झाले. ते अडवण्यासाठी तिथे पॅट्रियट यंत्रणा उभी होती, पण तिने क्षेपणास्त्र अडवलंच नाही.

चौकशीत कारण निघालं वेळेच्या हिशोबाचं. ती यंत्रणा सुरू झाल्यापासूनचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायची. ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत पुरता मावत नाही. आपल्याकडे एक भागिले तीन केल्यावर ०.३३३ असं संपतच नाही, तसं. २४ बिटांत बसवताना त्याची शेपटी तोडली गेली. चूक एका सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागासारखी क्षुल्लक, पण यंत्रणा न थांबता सुमारे १०० तास चालू होती. तेवढ्या वेळात फरक ०.३४ सेकंदांपर्यंत गेला. स्कड एका सेकंदात दीड किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. त्यामुळे यंत्रणा अर्ध्या किलोमीटरहून जास्त चुकीच्या जागी बघत राहिली. दुरुस्त केलेला प्रोग्राम धहरानला पोचला तो दुसऱ्या दिवशी.

दुरुस्ती: किती फेरे झाले ते नको, किती वाजले ते बघा

उपाय एका वाक्यात मावतो. सेकंद मोजायचे नाहीत. वेळ कधी संपणार ते सुरुवातीलाच ठरवायचं आणि दर फेऱ्यात घड्याळात बघून विचारायचं, 'अजून किती उरलंय?'

एसटी सव्वा दहाला सुटणार असेल तर माणूस घरात बसून एक, दोन, तीन असे सेकंद मोजत नाही. तो अधूनमधून घड्याळात बघतो. मध्ये दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलण्यात गेली म्हणून एसटीची वेळ पुढे सरकत नाही. पुढच्या वेळी घड्याळात बघितलं की खरी बाकी कळते.

प्रोग्राममध्ये तेच करायचं:

१. आत्ताची वेळ घ्यायची आणि तीत ३०० सेकंद मिळवून 'शेवट' ठरवायचा.
२. दर फेऱ्यात 'शेवट'मधून आत्ताची वेळ वजा करायची. जे येईल ती 'बाकी'.
३. 'बाकी' शून्य किंवा त्याहून कमी झाली तर फेरा सोडायचा.
४. नाहीतर ती दाखवायची, सेकंदाचा दहावा भाग थांबायचं आणि पुन्हा वर जायचं.

यात एखाद्या फेऱ्याला उशीर झाला तरी तो पुढच्या फेऱ्यात वाहून जात नाही. शेवटची घंटा फार तर सेकंदाच्या एका छोट्या भागाने मागेपुढे होईल, मग टायमर पाच मिनिटांचा असो की पाच तासांचा.

चौथ्या पायरीतलं ते छोटं थांबणं गाळू नये. ते नसेल तर संगणक एका सेकंदात हजारो वेळा घड्याळ बघत बसतो, पंखा घरघरायला लागतो आणि जुनं यंत्र तापतं. एक पूर्ण सेकंद थांबणंही बरोबर नाही, कारण मग कधी कधी एखादा आकडा न दिसताच निसटतो. ४२ नंतर एकदम ४०.

घड्याळ कुठलं बघायचं?

संगणकात घड्याळं एकापेक्षा जास्त असतात, आणि इथे अनेकजण चुकतात. कोपऱ्यात तारीख-वेळ दाखवणारं घड्याळ पायथॉनमध्ये 'टाइम डॉट टाइम' या नावाने मिळतं. ते मागे-पुढे होऊ शकतं. जुन्या संगणकाचा सेल संपलेला असतो, मग कुणीतरी भाषण चालू असताना वेळ दुरुस्त करतं. इंटरनेट जोडलं गेलं की संगणक आपणहून वेळ जुळवून घेतो. घड्याळ दोन मिनिटं मागे गेलं की स्पर्धकाला दोन मिनिटं फुकट मिळाली. पुढे गेलं की त्याचं भाषण अर्ध्यात तुटलं.

जगाचं घड्याळसुद्धा अधूनमधून दुरुस्त होतं. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला १९७२ पासून २७ वेळा एक जादा सेकंद घातला गेला आहे. शेवटचा घातला तो भारतीय वेळेनुसार १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी. २०१२ सालच्या अशाच एका सेकंदाने जगभरचे कितीतरी लिनक्स सर्व्हर अडखळले होते.

म्हणून टायमरसाठी 'टाइम डॉट मोनोटॉनिक' हे दुसरं घड्याळ वापरायचं. ते पायथॉन ३.३ पासून आहे. ते कधीही मागे जात नाही आणि कुणी तारीख-वेळ बदलली तरी त्याला फरक पडत नाही. किती वाजले ते त्याला सांगता येत नाही. ते फक्त दोन क्षणांमधलं अंतर सांगतं. टायमरला तेवढंच हवं असतं. एक मर्यादा लक्षात ठेवावी: लॅपटॉपचं झाकण मिटून तो झोपी गेला तर लिनक्सवर हे घड्याळही तेवढा वेळ थांबतं. स्पर्धेच्या दिवशी संगणक आपणहून झोपी जाणार नाही अशी सेटिंग आधी करून ठेवावी.

एकाच जागी आकडे बदलायचे कसे

साधं 'प्रिंट' वापरलं तर दर वेळी नवी ओळ येते आणि पडदा आकड्यांनी भरून वाहतो. आकडा एकाच जागी बदलायला हवा. यासाठी टाइपरायटरच्या काळातली एक खूण अजून कामी येते. टाइपरायटरवर ओळ संपली की गाडी ढकलून परत ओळीच्या सुरुवातीला आणायचे. ती कृती संगणकात 'कॅरेज रिटर्न' या नावाने उरली आहे. पायथॉनमध्ये ती उलटी तिरपी रेघ आणि तिला लागून 'आर' हे अक्षर अशी लिहितात. ही खूण मजकुराच्या सुरुवातीला घातली की लिहिणं त्याच ओळीच्या डाव्या कडेपासून सुरू होतं आणि जुना आकडा झाकला जातो. सोबत 'प्रिंट'ला 'एंड'मध्ये रिकामा मजकूर द्यायचा, म्हणजे तो खालच्या ओळीवर जात नाही. आणि 'फ्लश'ला 'ट्रू' म्हणायचं. नाहीतर ओळ पुरी व्हायची वाट बघत आकडे आतच अडकून राहतात आणि पडदा कोरा दिसतो.

इथे एक गमतीदार चूक जवळपास प्रत्येकाची होते. १० नंतर ९ छापला की पडद्यावर दिसतं ९०! कारण नवा ९ जुन्या १ वर बसला, पण शेजारचा शून्य पुसायला कुणी नाही. मग ८०, ७०, ६० असं दिसत जातं आणि भाषण करणारं मूल गोंधळतं. उपाय सोपा: आकडा नेहमी दोन घरांचा छापायचा, म्हणजे ९ ऐवजी ०९.

सेकंदांची मिनिटं करायला 'डिव्हमॉड' हा हुकूम आहे. त्याला २९३ आणि ६० दिले की तो भागाकार ४ आणि बाकी ५३ एकदम देतो. छापायचं ०४:५३.

शून्य नेमकं कधी दिसावं?

'बाकी' आता पूर्णांक नसते, ती २९९.९३ अशी काहीतरी येते. दाखवताना अपूर्णांक नुसता तोडून टाकला तर सुरू होताच पडद्यावर ०४:५९ दिसतं, आणि शेवटी ००:०० दिसत असताना जवळजवळ एक पूर्ण सेकंद शिल्लक असतो. मुलाला वाटतं वेळ संपली, परीक्षक बघतात तर घंटा वाजलेली नाही.

त्यापेक्षा वरच्या पूर्णांकाकडे न्यावं. 'मॅथ डॉट सील' हे काम करतं. मग ०५:०० पहिला पूर्ण सेकंद टिकतं, ००:०१ शेवटचा पूर्ण सेकंद टिकतं, आणि ००:०० दिसणं नि घंटा वाजणं एकाच क्षणी होतं. प्रेक्षकांना अपेक्षित असतं ते हेच.

घंटा एकदाच वाजली पाहिजे

चौथ्या मिनिटाच्या घंटेसाठी 'बाकी ६० झाली तर वाजव' असं लिहिण्याचा मोह होतो. त्यात दोन खड्डे आहेत. अपूर्णांक असलेली बाकी बरोब्बर ६०.० कधी येतच नाही, म्हणजे घंटा वाजतच नाही. आणि वर नेलेला पूर्णांक तपासला तर तो ६० वर पूर्ण सेकंदभर टिकतो. फेरा सेकंदात दहा वेळा चालतो, म्हणजे घंटा दहा वेळा वाजते.

योग्य रीत अशी: 'पहिली_घंटा_झाली' नावाची एक खूण ठेवायची, सुरुवातीला 'फॉल्स'. बाकी ६० किंवा त्याहून कमी असेल आणि खूण अजून 'फॉल्स' असेल तरच वाजवायचं, आणि लगेच खूण 'ट्रू' करायची.

वाजवायचं कसं? जुन्या तारयंत्रांत खरीखुरी घंटा असायची, आणि ती वाजवणारी खूण अक्षरांच्या यादीत ७ व्या क्रमांकावर आजही आहे. पायथॉनमध्ये ती उलटी तिरपी रेघ आणि 'ए' अशी लिहितात. पण प्रत्येक संगणकावर ती ऐकू येईलच असं नाही. काही ठिकाणी आवाज बंद केलेला असतो. विंडोजवर 'विनसाउंड' मधलं 'बीप' जास्त भरवशाचं. तरीही टेबलावरची पितळी घंटा हटवू नये. संगणकाने सरांना सांगावं, सरांनी घंटा वाजवावी.

मराठी आकडे चालतात का?

चालतात, आणि अपेक्षेपेक्षा सहज. 'किती मिनिटं?' असं 'इनपुट'ने विचारलं आणि कुणी '५' असं देवनागरीत टाइप केलं, तरी पायथॉनचं 'इंट' त्याचा बरोबर पाच हा आकडा करतं. वेगळं काही लिहावं लागत नाही. 'पाच' असं अक्षरी लिहिलं तर मात्र 'व्हॅल्यू एरर' येतो. तो पकडून 'कृपया आकडा लिहा' असं सांगावं आणि पुन्हा विचारावं. शून्य किंवा उणे आकडाही तिथेच अडवावा.

दाखवताना पायथॉन आपणहून इंग्रजी आकडेच छापतो. ते बदलायला 'मेकट्रान्स'ने एक तक्ता करायचा: एका बाजूला दहा इंग्रजी आकडे, दुसऱ्या बाजूला ० ते ९ देवनागरीत. छापायच्या आधी मजकूर 'ट्रान्सलेट'मधून या तक्त्यातून काढला की पडद्यावर ०४:५३ मराठीत येतं. जुन्या विंडोजच्या काळ्या खिडकीत आकड्यांच्या जागी चौकोन दिसले तर दोष प्रोग्रामचा नाही, फॉन्टचा आहे. खिडकीच्या सेटिंगमध्ये देवनागरी असलेला फॉन्ट निवडावा. तो नसेल तर इंग्रजी आकड्यांवर भागवावं. स्पर्धेत आकडा वाचता येणं महत्त्वाचं.

मध्येच थांबवायची सोय

माईक बंद पडला, लाईट गेली, कुणाला चक्कर आली. टायमर थांबवता आला पाहिजे. श्रीहरीकोटाला तर हे नेहमीचं आहे. १५ जुलै २०१९ ला चांद्रयान-२ ची उलट मोजणी ५६ मिनिटं २४ सेकंद बाकी असताना थांबवली. तांत्रिक अडचण होती. दुरुस्ती झाली आणि २२ जुलैला यान गेलं. २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानच्या पहिल्या चाचणी उड्डाणात तर फक्त ५ सेकंद उरले असताना संगणकाने मोजणी अडवली, आणि कारण शोधून त्याच सकाळी १० वाजता उड्डाण पार पडलं.

आपल्या टायमरमध्ये सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे 'कंट्रोल' आणि 'सी' ही बटणं. ती एकत्र दाबली की पायथॉन 'कीबोर्ड इंटरप्ट' नावाचा अडथळा उभा करतो. एरवी त्याने प्रोग्राम बंद पडतो, पण फेरा 'ट्राय'मध्ये ठेवून 'एक्सेप्ट'ने तो पकडता येतो. पकडल्यावर क्रम महत्त्वाचा:

१. सगळ्यात आधी 'शेवट'मधून आत्ताची वेळ वजा करून 'उरलेली' जपून ठेवायची.
२. नव्या ओळीवर 'थांबलंय, सुरू करायला एंटर दाबा' असं छापून 'इनपुट'वर थांबायचं.
३. एंटर दाबलं की नवा 'शेवट' काढायचा: आत्ताची वेळ अधिक 'उरलेली'.

तिसरी पायरी विसरली तर थांबलेला वेळही स्पर्धकाच्या खात्यातून जातो. दोन मिनिटं लाईट नव्हती आणि मुलाची दोन मिनिटं बुडाली. थांबलेलं असताना पुन्हा तीच बटणं दाबली तर प्रोग्राम गुमान बंद व्हावा, एवढी सोय वेगळी करून ठेवावी. आणि यूपीएस नसेल तर लाईट जाताच टायमरही जातो, हे ध्यानात ठेवून भाषण कधी सुरू झालं ती वेळ कागदावर टिपून ठेवावी.

तपासल्याशिवाय स्पर्धेत नेऊ नका

टायमर बरोबर आहे हे बघायची एक छान परीक्षा आहे. दोन्ही प्रोग्रामच्या फेऱ्यात मुद्दाम अर्ध्या सेकंदाचं जादा थांबणं घालायचं, जणू संगणक फारच कामात आहे. पहिला प्रोग्राम आता दर फेऱ्याला दीड सेकंद घेतो, म्हणजे पाच मिनिटांचा टायमर साडेसात मिनिटांनी संपतो. दुसरा मात्र आकडे थोडे अडखळत दाखवेल, पण पाच मिनिटांना संपेल. वर्गात हे दोन्ही शेजारी शेजारी चालवून दाखवलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्या तपासण्या झटपट होतात. टायमर चालू असताना संगणकाची वेळ दहा मिनिटं मागे करून बघा. बाकी हलता कामा नये. १० वरून ९ वर येताना मागे शून्य उरतो का ते बघा. घंटा एकदाच वाजते का ते ऐका. थांबवा, मिनिटभराने सुरू करा. बाकी जिथे होती तिथूनच पुढे गेली पाहिजे. हे सगळं पाच मिनिटांऐवजी वीस सेकंदांचा टायमर लावून करता यावं, म्हणून ३०० आणि ६० हे आकडे प्रोग्रामच्या पोटात न लपवता वरच 'एकूण_वेळ' आणि 'इशारा_वेळ' अशा नावांनी ठेवावेत.

हा सगळा प्रोग्राम चाळीस-पन्नास ओळींच्या पुढे जात नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सभागृहात, प्रोजेक्टर लावून, मागच्या बाकावरून आकडे वाचता येतात का ते बघून घ्यावं. आणि पडदा असा ठेवावा की तो परीक्षकांना दिसेल, पालकांना दिसेल आणि बोलणाऱ्या मुलालाही मान न वळवता दिसेल. मग पहिल्या स्पर्धकाची पाच मिनिटं आणि शेवटच्या स्पर्धकाची पाच मिनिटं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सारखी मोजली जातील.